कातरीचं यंत्र

२४ ऑगस्ट १९९७, रविवार

हिरवळ अर्धीच कापून झाली. उजवा खांदा वर जाईना. यंत्र गेटजवळ तसंच सोडून आत आले, तर पेपरातून मान वर न काढता हे विचारतात, "झाली का?"

झाली. हिरवळ नाही, मी झाले.

दु. डॉक्टर. खांदा आखडलाय म्हणे. ढकलायचं यंत्र बंद, बादली उचलणं बंद, फळ्यावर वरच्या ओळी लिहिणंसुद्धा बंद. म्हणजे सातवी ब ला आता अर्ध्या फळ्यावर भूगोल.

घरी आल्यावर यांनी जाहीर केलं, "मोटरचं यंत्र घेऊ. दत्ताला विचारतो." दत्ता म्हणजे माझे धाकटे दीर. भिगवणला वेल्डिंगचं दुकान. ट्रॉल्या, नांगर, गेटं करतात. हिरवळ त्यांनी जन्मात कापलेली नाही. यांनीही नाही. दोन वर्षांपूर्वी इंदापूरला आपल्या ऑफिसच्या साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ बघून आले आणि आपल्याही दारात पाहिजे म्हणाले. म्हणाले, एवढंच. गुडघ्यावर बसून कांडी कांडी लावली ती मी. सासरचे येऊन हसून गेले. "उसातली हरळी काढता काढता आमची हाडं झिजली, आन् हिनं इकत आणून दारात लावली!" तसं बघितलं तर खरंच आहे. हिरवळ म्हणजे हरळीच, जरा बऱ्या घरची.

तर आज लिहून ठेवते. यंत्र मी निवडणार. सोफा, फ्रिज, स्कूटर, फरशीचा रंग, या घरात काहीही मला विचारून आलेलं नाही. गवत मी कापते, खांदा माझा गेला. यंत्र मी निवडणार.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दत्ताभाऊजी आले. सोबत कुठल्याशा दुकानातले रंगीत कागद. शेजारचे बँकवाले गृहस्थही चहाला होते. तिघं पुरुष आणि माझं यंत्र.

दोन प्रकार आहेत. एक पंख्याचं. खाली आडवं पातं गरगर फिरतं आणि गवताला फटका मारून तोडतं. दुसरं कातरीचं, आपल्या जुन्या ढकलायच्या यंत्रासारखंच. पीळ दिलेली पाच-सहा पाती आडव्या रोळावर फिरतात, खाली एक पोलादी पट्टी जागच्या जागी. पातं आणि पट्टी यांच्या मध्ये गवत सापडतं आणि कापलं जातं. ढकलायच्या ऐवजी मोटर, एवढाच फरक.

भाऊजी म्हणाले, पंख्याचंच घ्यायचं, विचारच न्हाय. काही बिघडायचं नाही, दगड आला तरी चालतं. "वहिनी, तुमी नुसतं बटन दाबायचं."

मी म्हटलं, पंख्यानं गवत फाटतं. शेंडा चेंबटतो, दोन दिवसांत पांढरा पडतो. बारीक हरळीला कातरच पाहिजे.

"गवताला काय कळतंय वो?"

"मेंढराची लोकर कोयत्यानं काढतात का, भाऊजी?"

टेबलाखाली यांचा पाय माझ्या पायावर. जोरात. बँकवाले मजेत बिस्कीट खात होते, त्यांना पत्ताही नाही.

ते गेल्यावर मला म्हणतात, "चारचौघांत मेंढरांचं काढायची काय गरज होती?"

स्वतः सातवीपर्यंत मेंढरांमागं होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दिवाळी झाली की कोकणाच्या वाटेला. आता पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर झाले, तर जन्मच जणू टेबलावर झाला. माझा पाय अजून दुखतोय.

३१ ऑगस्ट, रविवार

कऱ्हाटीला माहेरी आबांकडे गेले. रुमालात गवताचे शेंडे घेतले होते. काही शाळेच्या मैदानावरचे, तिथं पंख्याचं यंत्र चालतं. काही आपल्या दारातले.

आबा ओसरीवर. वय किती ते त्यांनाही माहीत नाही, पण नजर अजून घारीची. शेंडे उन्हात धरले, बोटावर फिरवले.

"ह्यो फाडलाय. आन् ह्यो कातरलाय."

मी सांगितलंच नव्हतं कुठला कुठला ते. एवढं बरं वाटलं मला. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी शहाण्यासारखं बोललं.

मग कातर काढली. फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचलेली असते. शेवटची मेंढरं विकली ती माझ्या डी.एड.च्या वेळी, त्याला सत्तावीस वर्षं झाली. कातर नाही विकली. दर पंधरा दिवसांनी तेल देतात. मेंढरू असो नसो.

लहानपणी मी कोकराचे पाय धरायची आणि आबा पहिलं जावळ उतरवायचे. कातडीला ओरखडा नाही. कोकरू उठून पळालं की आधी हसायचे, मग घाम पुसायचे.

यंत्राचं सगळं सांगितलं. रोळ, पाती, पट्टी. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी कातरच की ती. मग धारंचं न्हाय बघायचं. दोन्ही पाती एकमेकाला मिळत्यात का, त्येवढं बघायचं. मधी कागद धर. टोकापास्नं टोकापतुर कापला तर घे. कुठं दुमडला तर माघारी फीर, कोण का देईना."

सगळ्या दुकानांच्या रंगीत कागदांत हे एक वाक्य नाही.

"घर बघायला कधी येता?" वास्तुशांतीनंतर एकदाही आलेले नाहीत. म्हणाले, "येतो की. जावईबापूंला सवड असंल तवा." जावईबापू बोलवत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

७ सप्टेंबर, रविवार

अंगाचा तिळपापड झालाय.

गणपतीसाठी दोन दिवस सासरी होतो. त्या दोन दिवसांत दत्ताभाऊजींनी माझं जुनं ढकलायचं यंत्र उचलून भिगवणला नेलं. मला न विचारता. यांनी किल्ली दिली. "वहिनींना सरप्राईज."

सरप्राईज आज टेंपोतून उतरलं. यंत्रावर फवारणीच्या पंपाचं इंजिन वेल्डिंग करून बसवलेलं. ते एक वेळ ठीक. पण पाती! पाती एमरीच्या चाकावर धरून घासली. एकेक पातं. उसाच्या कोयत्याला लावतात तशी धार.

"हात लावू नका वहिनी, बोट तुटंल!" कौतुक तर केवढं.

कागद धरला. डावीकडं कापला, मधे नुसता दुमडला, उजवीकडं पातं पट्टीला शिवतच नाही. मधून पाती खाल्ली गेलीत. आता कितीही आवळा, मिळायची नाहीत. जुन्या बाजारातून आणलेलं, वीस वर्षांचं चांगलं लोखंड, एका दुपारीत भंगार.

मी म्हटलं, ही कातर आहे, कोयता नव्हे.

"धार ती धारच की वो."

आणि हे हसले. दोघं भाऊ हसले. यांच्या आज्यानं आयुष्यभर लोकर कातरली. तीन पिढ्यांत घरात ऊस आला, कारखाना आला, ट्रॅक्टर आला, आणि कातर म्हणजे काय हे घरात एकालाही माहीत राहिलं नाही. मला आहे, तर मी गप्प बसायचं.

८ सप्टेंबर

पोळ्या केल्या, वाढल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर गावातल्या यंत्राच्या दुकानात. हे सोबत. चूक माझीच, एकटी जायला हवं होतं.

दुकानदार पाऊण तास यांच्याशी बोलला. मोटर किती ताकदीची, गॅरंटी किती, सर्व्हिस कोण देणार. मी विचारायचे आणि तो उत्तर यांच्याकडं बघून द्यायचा. कातरीचं आहे का विचारलं तर म्हणे, "ते आता कोण घेत नाही, सर." सर! विचारलं कुणी?

शेवटी एकदाचा माझ्याकडं वळला.

"मॅडमना कलर कुठला आवडतो? लाल का हिरवा?"

मी दुकानातून बाहेर आले आणि उन्हात उभी राहिले. हे मागून येऊन म्हणतात, "एवढं काय झालं? चांगलं विचारत होता की तो."

१७ सप्टेंबर, बुधवार

पितृपंधरवडा लागला. हे म्हणाले, आता घटापर्यंत नवी वस्तू घरात आणायची नाही. फार बरं. पितरांनी मला पंधरा दिवस दिले. जिवंत माणसांपेक्षा तेच बरे म्हणायचे.

गवत घोट्याला लागतंय.

२१ सप्टेंबर, रविवार

इंदापूर. एकटी. सकाळच्या एसटीनं गेले. घरात सांगितलं, मैत्रिणीकडं जाते.

शाळेतल्या शिपाईमामांनी पत्ता दिला होता. शहाजीरावांची नर्सरी, गावाबाहेर. हिरवळीचे गालिचे लावतात आणि चौकोन कापून विकतात. माणूस लुंगीवर, पायात चिखल, बोलणं तुटक.

"यंत्र दाखवा," म्हटलं. "कातरीचं. मोटरवालं."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

एकदा वरून खाली बघितलं, पण रंग विचारला नाही. शेडमधून काढून आणलं. लांब दांडा, मागं जड रूळ, पुढं सहा पात्यांचा रोळ, वर मोटर, साखळीवर चालणारं. मी पर्समधून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, रोळ हातानं फिरवला आणि पट्टीवर कागद धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक जागी कापला. दुमडला कुठंच नाही.

आता ते माझ्याकडं नीट बघायला लागले. "ताई, ह्ये कुणी शिकवलं?"

"वडलांनी. मेंढरं कातरायचे." मोठ्यानं म्हटलं. टेबलाखाली पाय द्यायला कुणी नव्हतं.

"मग बराबर हाय. अवो, ह्याला धार लावाया लोक एमरीवर नेत्यात. वाटोळं करत्यात. ह्याला बारीक पूड तेलात कालवून पात्याला लावायची आन् रोळ उलटा फिरवायचा. पट्टी आन् पातं एकमेकाला घासून आपोआप मिळत्यात."

आबा कातरीला अगदी हेच करतात. तेल आणि विटेची वस्त्रगाळ पूड. उघडझाप, उघडझाप, तासभर.

मग चालवून बघितलं. वायर खांद्यावरून मागं टाकायची, हे त्यांनी दाखवलं. ढकलावं लागत नाही, नुसतं धरून चालायचं. खांद्याला काही नाही! आवाजसुद्धा कसला, कातर चालते तसाच, नुसता भराभर. पुढून गवताचा बारीक फवारा, मागं सपाट पट्टा. मी पाच पट्टे मारले. सहावा पण मारला. पन्नाशीला आलेली बाई, पदर खोचून, दुसऱ्याच्या शेतात फुकट गवत कापतेय. किती दिवसांनी एवढी खूश होते!

तसंच नवीन पुण्याहून मागवून देतो म्हणाले. महिना लागेल. नाव विचारलं. माझं सांगितलं, यांचं नाही.

२२ सप्टेंबर

यांना सगळं सांगितलं. चोरून करण्यासारखं काय आहे त्यात. यांनी ऐकलं आणि "बघू" म्हणाले.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. "बघू" म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. शाळेत गांधी जयंतीचा झेंडा, भाषण, सूतकताई उरकून बाराला घरी आले. पडवीत पंख्याचं यंत्र. लाल. वर हळदीकुंकू, झेंडूचा हार, पुढं फोडलेला नारळ.

"घटाचा मुहूर्त साधला," हे म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय ते आज कळलं. मी विचारलं, मी इंदापुरात यंत्र सांगून आलेय, ते?

"कॅन्सल कर. कोण कुठला नर्सरीवाला! ह्याला गॅरंटी आहे. आणि साहेबांकडं हेच आहे."

आलं बाहेर. साहेबांकडं हेच आहे! मग साहेबांकडं नोकरी करता तशी साहेबांच्या हिरवळीवर जाऊन राहा ना.

हे मनात नाही, तोंडानं म्हटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मग दोघंही घाबरलो.

कॅन्सल करणार नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की एवढं काही नव्हतं.

सकाळी हत्यारांची पूजा मांडली. यांची मोजणीची टेप, घरातली विळी, अडकित्ता, पाना-पकड, माझी खडूची पेटी आणि मधोमध ते लाल धूड. कालच यांनी त्यानं सगळी हिरवळ कापली. तीनला आबा आले. मीच निरोप धाडला होता. यांना सांगितलं नव्हतं. धोतर, नवं पागोटं, बगलेत फडकं. फडक्यात कातर. "आमच्याकडं आता पुजायला दुसरं हाय काय? म्हटलं लेकीच्या हत्यारांत ठिवावी." पूजेत ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले. मग हिरवळीवर जाऊन उकिडवे बसले आणि गवत बघायला लागले. मी भजी तळायला आत आले.

तेवढ्यात साहेबांची जीप. बारामतीत कुणाकडं आले होते, सहज डोकावले. हे धावत गेटवर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं आणि ऐकू येतं.

साहेबांनी हिरवळीचं कौतुक केलं. आबा उठून उभे राहिले. बोटात गवताचा शेंडा.

"हे कोण?"

यांनी एक क्षण घेतला. एकच. मग म्हणाले, "हे होय? हे बागेचं बघतात आमच्या."

मला वाटलं, आबा काहीतरी बोलतील. आबा हसले. "व्हय साहेब. बघतो थोडंफार." आणि मान लववली. जावयाची अब्रू राखली हो त्यांनी, आपली देऊन.

साहेब म्हणाले, छान ठेवलंय, माळी चांगला मिळाला तुम्हाला.

आणि मी काय केलं? भजी उलटली. हेच लिहायचं होतं. बाहेर जाऊन "हे माझे वडील" म्हणायला तीन शब्द लागत होते. मी झारा धरून उभी राहिले. भज्यांची बशी घेऊन गेले, साहेबांना "घ्या ना" म्हटलं, हसलेसुद्धा. यांच्यावर चिडायचा हक्क मला आहे का, हेही आता कळेना.

जीप गेली आणि आबा उठले. जेवले नाहीत. "चारची गाडी हाय." कातर द्यायला गेले, तर म्हणाले, "पूजंतली हत्यारं दसऱ्याबिगर उचलू न्हाईत. ऱ्हाऊ दे हितंच." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

यांचं म्हणणं, "एवढ्या घाईत काय सांगत बसायचं? मामांना काही वाटलं नाही. हसले की ते." आबांना हे मामा म्हणतात. घरात म्हणतात.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सोनं वाटायला यांच्या ऑफिसातली माणसं आली. मी कुणाच्या पाया पडले नाही, कुणाला वाकू दिलं नाही.

सकाळी यांनी परत लाल यंत्र चालवलं, मला दाखवायला. पिठाची गिरणी दारात आल्यासारखा आवाज. मी पडवीत बसून डाळ निवडली.

कातर देव्हाऱ्याशेजारी फडक्यात ठेवलीय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सगळी हिरवळ वरून पांढरट-तांबूस. प्रत्येक शेंडा चेंबटलेला. बँकवाले कुंपणावरून विचारत होते, रोग पडला का? हे म्हणाले, खत कमी पडलंय. उद्या युरिया आणतो.

आबांनी शेंडा हातात धरला होता त्या दिवशी. काय बघत होते ते मला माहीत आहे. मी त्यांना सांगितलंच नव्हतं की यंत्र आधीच आलंय आणि ते मी निवडलेलं नाही. त्यांना वाटलं असेल, माझ्या लेकीनं एवढं सांगूनही पंखाच आणला.

आज जेवताना यांना सांगितलं. मी आता या हिरवळीला हात लावणार नाही. ना पाणी, ना कापणं. तुम्ही कऱ्हाटीला जायचं, कातर आपल्या हातानं आबांना द्यायची आणि चुकलं म्हणायचं. आणि साहेबांना सांगायचं ते कोण होते ते.

"कातर देतो की. त्यात काय!"

बाकीचं ऐकूच गेलं नाही यांना.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज टेंपोनं यंत्र आलं. शहाजीरावांचा शब्द, महिना म्हणाले ते दोन दिवस आधीच. उतरवून घेतलं. टेंपोवाल्यादेखत कागद धरला. कापला. यांनी खिडकीतून बघितलं, बाहेर आले नाहीत.

चालवलं नाही. एक तर लाइट नव्हती. आणि लाइट असती तरी चालवलं नसतं. गोणपाट टाकून जिन्याखाली ठेवलं.

दु. झोपेतून उठले तर जिन्याखाली हे उकिडवे बसलेले. हातात वर्तमानपत्राची पट्टी. रोळ फिरवून कागद कापत होते. एकदा, परत एकदा, मग मधोमध. बोट फिरवलं कापलेल्या कडेवरून. यांच्या वडलांना कातरताना यांनीही बघितलं असणार की लहानपणी. किती वेळ बसले होते. मी आवाज न करता मागं फिरले आणि मुद्दाम भांडं पाडलं. आल्यावर बघते तर गोणपाट जसंच्या तसं आणि हे पेपर वाचतायत. पेपराची कड नाही.

अशा वेळी राग धरून ठेवणं अवघड जातं. पण धरलाय.

२३ ऑक्टोबर

शाळेला सुट्टी लागली. साहेब पाडव्याला सहकुटुंब फराळाला येणार. यांनी बोलावलंय. हिरवळीवर खुर्च्या टाकायच्या म्हणे. हिरवळ! घोट्याएवढं गवत, वर युरियानं भाजल्याचे डाग.

"तुझ्या यंत्रानं एकदा कापून घे ना."

"माझ्या" यंत्रानं. इतके दिवस ते नर्सरीवाल्याचं होतं.

मी म्हटलं, अटी माहीत आहेत.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी हे उठले, आंघोळ केली, कातर फडक्यासकट स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि कऱ्हाटीला गेले. मला सोबत ये म्हणाले नाहीत. मीही गेले नाही.

जाताना पाठमोरे दिसले आणि एकदम वाईट वाटलं. वाटलं, पुरे आता, किती ताणायचं? चकलीचं पीठ मळलं. आल्यावर गरम चकल्या द्याव्यात, आबांनाही घेऊन येतील कदाचित मागं बसवून, असलं काय काय डोक्यात.

दीडला आले. एकटेच, पण चेहरा खुललेला. डिकी उघडली. कातर परत!

"मामांनी ठेवून नाही घेतली. मी म्हटलं, चुकलं. खरंच म्हटलं, शपथ. तर म्हणाले, चुकलं कशाचं जावईबापू, बरं केलं तुमी. माळ्याची कातर बागंतच शोभती, हितं आढ्याला काय करायची? आन् साहेब यायच्या आदी कामाला कवा येऊ, त्येवढा निरोप धाडा म्हणाले. वेळंवर यीन म्हणाले. बघ! मनात काही ठेवलं नाही त्यांनी. देवमाणूस आहे."

चकल्या जळल्या.

यांना कळलंच नाही. मला माझा बाप माहीत आहे. सत्तावीस वर्षं तेल दिलेली कातर त्यांनी परत पाठवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या विसरतात. आबांनी नोकरी पत्करली.

आणि हे विचारतायत, "मग पाडव्याच्या सकाळी बोलवायचं का त्यांना? जरा कडा-बिडा कातरून घेतील."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काल पहाटेच्या गाडीनं कऱ्हाटीला. आबा ओसरीवर. आढ्यातली कातरीची जागा रिकामी, तिकडंच तोंड करून बसलेले. मी कातर पुढ्यात ठेवली. घेतली नाही.

म्हटलं, आबा, त्या दिवशी मी आतच होते. ऐकलं सगळं. बाहेर आले नाही.

"म्हाईत हाय," म्हणाले. "भज्याचा वास येत हुता."

एवढंच. त्यापुढं मला रडायलाही आलं नाही. मग मी सांगितलं, पाडव्याला संध्याकाळी या. सकाळी नाही. कामाला नाही. फराळाला. नवं पागोटं घालून. साहेब असतील. मी सांगणार आहे कोण ते.

"आन् जावईबापू?"

"त्यांचं ते बघतील."

येतो म्हणाले नाहीत. नाही येत असंही म्हणाले नाहीत. कातर मात्र मी उठल्यावर हळूच आपल्या मांडीकडं ओढली. ते मी मागं वळून बघितलं.

आज सकाळी लाइट होती. गोणपाट काढलं. युरियाचे डाग, फाटकी टोकं, सगळं आहे, पण पट्टे पडत गेले तसं खालून हिरवं यायला लागलं. खांदा दुखला नाही. हे दारात उभे राहून बघत होते. वायर गुंतली तेव्हा येऊन सोडवून दिली आणि सोडवता सोडवता म्हणाले, "आवाज कमी आहे, नाही का?" मी यंत्र बंद केलं नाही. चालता चालताच सांगितलं, पाडव्याला आबांना बोलावलंय. फराळाला.

"साहेबांच्या समोर?"

"हो."

वायरचा राहिलेला पीळ काढला. मग म्हणाले, "खुर्च्या किती टाकायच्या?"

पाहुण्यांच्या टाकू, म्हटलं. साहेब, साहेबांच्या बाई आणि आबा, तीन. आबांची मधली.

आपली विचारली नाही यांनी. मीही सांगितली नाही.